फकिरामामांच्या बकरीची पेज

मंगळवार, ६ जानेवारी

आज घरात इंडक्शनची शेगडी आली आणि गॅसची माळ्यावर गेली. सासूबाई दुपारभर माळ्याकडे बघत बसल्या होत्या, मी त्यांच्या सख्ख्या बहिणीला वर डांबलं असावं तशा.

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सून आली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. मागच्या महिन्यात सासूबाईंकडून गॅसचं बटण उघडं राहिलं. लेक अपेक्षा शाळेतून आली, तिला वास आला म्हणून निभावलं. वीरेंद्र आठवडाभर उकव्याच्या खाणीवर असतात, शनिवारी संध्याकाळी येतात. सासरे गेल्यावर, गेल्या दसऱ्याला, मी आणि लेक खाणीचं क्वार्टर सोडून इथे बालाघाटला सासूबाईंजवळ राहायला आलो. म्हणजे घरात भलंबुरं काही झालं तर नाव माझंच निघणार. म्हणून मीच इंडक्शनचा हट्ट धरला. वीरेंद्र एवढंच म्हणाले, "आण, पण बिजली जपून." मी म्हटलं, बघाच. माहेरी आमगावला वीज जपायचे धडे मी माझ्या बापाकडून घेतले आहेत. तो माणूस पंखासुद्धा पाहुणे आले तरच लावायचा.

संध्याकाळी भांड्यांची परीक्षा घेतली. फ्रिजवरचा चुंबकाचा मोर काढला आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावला. चिकटला तर पास, घसरला तर नापास. पितळेचं पातेलं नापास. लग्नात आलेला स्टीलचा चकचकीत डबा, तोही नापास. लोखंडी तवा पास, पण त्याचं बूड मधून फुगलं आहे, काचेवर सपाट बसत नाही, म्हणजे वीज जळणार आणि पोळी कच्ची राहणार. नवा कुकर खास जाड बुडाचा घेतला, तो पहिल्या नंबराने पास.

शेवटी सासूबाईंनी आपला भाताचा गंज पुढे केला. जर्मनचा. ॲल्युमिनियमला इकडे जर्मन म्हणतात. रोज सकाळी त्यात भरपूर पाण्यात तांदूळ शिजतो, मग तोंडावर झाकणी दाबून त्या गंज कलता धरतात आणि पेज निथळून घेतात, म्हणजे भात वेळतात. मोर लावला, टपकन खाली पडला.

"मम्मी, ये तो फेल है," अपेक्षा म्हणाली.

"मंग भात कायच्यात शिजवू?" सासूबाईंनी विचारलं.

"कुकरात, आई. पाणी मोजून टाकायचं. बिजली कमी लागते अन् सत्त्वही जात नाही."

"अन् पेज?"

"पेज निघतच नाही ना. तोच तर फायदा आहे."

त्यांनी गंज पदराने पुसला आणि फळीवर परत ठेवला.

गुरुवार, ८ जानेवारी

मला ही शेगडी आवडली. तिचे स्वभाव आता कळायला लागले. तांदूळ आणि डाळ आधी भिजवून ठेवली की तिला फार वेळ लागत नाही. झाकण ठेवायचंच. उकळी येईपर्यंत मोठी, मग लगेच लहान. कुकरची शिट्टी झाली की बंद करून टाकायची, आतल्या वाफेवर उरलेलं होतं. काचेवर जेवढं वर्तुळ आहे तेवढ्याच बुडाचं भांडं ठेवायचं. सासूबाई शेजारी उभ्या राहतात आणि जाळ दिसत नाही म्हणून सारखं खाली वाकून बघतात.

सकाळी फकिरामामा डोलची, म्हणजे कडीची छोटी बादली, घेऊन आले. सासऱ्यांच्या बरोबरीचे म्हणून मी मामा म्हणते. दोन घरं सोडून राहतात, एकटेच. बायको वारली, मुलगा अंकित नागपूरला असतो. आमच्याकडची पेज त्यांच्या बकरीसाठी जाते, हे मी इथे आल्यापासून बघते. आणि सासूबाई ती काय थाटात द्यायच्या! गरमच द्यायची, तळाशी पळीभर शितं, वरून चिमूटभर मीठ, मग झाकण. मी एकदा म्हटलं होतं, बकरीची एवढी सरबराई? तर म्हणाल्या, "मुकं जनावर आहे वं. ते थोडी मागणार."

आज मी दारातूनच सांगितलं, "मामा, पेज बंद झाली. बकरीले सांगा, साधनानं इंडक्शन आणलं."

ते हसले. "हौ हौ. चालते ना. तिले काय, पाला खाईन." त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे डोलचीची कडी वाजत होती.

सासूबाई आतून लगबगीने आल्या. "थांब भाऊ, चहा घेऊन जाय."

"झाला वहिनी चहा," म्हणत ते निघूनही गेले. सासूबाई नंतर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. बकरीपायी सुनेवर रुसणारी सासू मी पहिल्यांदा बघितली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू छान झालं. गल्लीतल्या बाया आल्या. तीळ मी बायांसमोरच इंडक्शनवर भाजले. मग काचेवर वर्तमानपत्राचा कागद टाकला, वर भांडं ठेवलं, पाणी उकळून दाखवलं, कागद जसाच्या तसा. सगळ्या आ वासून बघत होत्या. मोर घेऊन चुंबकाची परीक्षाही समजावली. मला वाटतं मी बरी शिकवते.

"पण पेज निघत नाही ना याच्यात," समोरच्या दुर्गाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "पेजेचं काय घेऊन बसलात? आमच्या आईले तर घरच्यापेक्षा फकिरामामाच्या बकरीची काळजी. मी तिचा खुराक बंद केला म्हणून तोंड फुगवून बसल्या. बकरी उपाशी मरते काय?"

मला वाटलं बाया हसतील. कुणी हसलं नाही. दुर्गाबाईंनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी कुंकवाच्या करंड्यात बघितलं.

"तुह्या सासूनं तुले काही सांगतलं नाही काय वं?" दुर्गाबाईंनी मला विचारलं.

"काय?"

"काही नाही. लाडू चांगले झाले."

मग एकेक उठायला लागली. शेगडी पाहून पोटात दुखलं असेल. माणसाचा स्वभाव.

रविवार, १८ जानेवारी

आज भांडण झालं आणि ते वीरेंद्रांसमोर झालं, याचं जास्त वाईट वाटलं.

सकाळी परसातून धूर यायला लागला. जाऊन बघते तर सासूबाईंनी तीन विटा मांडून चूल केली होती. वर तो जर्मनचा गंज, आत भात. डोळ्यांतून पाणी, पदराला काजळी. मी म्हटलं, "आई, हे काय? लोक म्हणतील सून सासूले स्वयंपाकघरात येऊ देत नाही."

"मले पेज लागते."

या घरात आल्यापासून त्यांनी पेजेचा घोट घेतलेला मी पाहिला नाही. हे सरळ मला खिजवायला चाललं होतं. वीरेंद्र दात घासत उभे होते. म्हणाले, "काढू दे ना तिले पेज. तुहं काय जाते त्यात?"

"मंग शेगडी कायले घेतली? माळ्यावरच ठेवायची होती तीही."

ते चूळ भरायला नळावर गेले. त्यांना भांडण नको असतं, ते खाणीवर परत जातात. घर मला चालवायचं असतं.

मंगळवार, २० जानेवारी

भंगारवाला गल्लीत आला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. नापास झालेली भांडी काढली, त्यांच्याबरोबर तो काळा पडलेला गंजही दिला आणि बदल्यात सपाट बुडाची कढई घेतली. आता या घरात मोर बसणार नाही असं एकही भांडं उरलं नाही.

त्या आल्या. फळीकडे पाहिलं. मी कढई दाखवली. "चांगली आहे," म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. जेवताना दोन घास खाल्ले.

मनात थोडं टोचलं, ते इथे लिहिते. निदान विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी दिला नसता, आणि पुन्हा धूर झाला असता.

शनिवार, २४ जानेवारी

थंडी उतरायचं नाव घेत नाही. वैनगंगेकडून वारा येतो तो हाडात शिरतो.

सासूबाई रोज दुपारी पदराखाली काहीतरी लपवून बाहेर जातात आणि बऱ्याच वेळाने येतात. काल कुकरातला भात कमी भरला. विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्याले टाकला." कुणाच्या तरी ओट्यावर बसून माझ्या कागाळ्या करत असणार. दुर्गाबाईंचं तोंड मला पाहून वळतं, त्यावरून समजतंच.

सोमवार, २६ जानेवारी

हे लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

अपेक्षा झेंडावंदनाहून आली, तिचा लाडू आजीला द्यायचा होता आणि आजी घरात नव्हती. मी म्हटलं, आज बघूनच येते कुठे बसतात त्या. फकिरामामांचं दार अर्धं उघडं होतं, आत सासूबाईंचा आवाज आला. मी दार ढकललं.

मामा खाटेवर पडले होते, गोधडी गळ्यापर्यंत. तापाने चेहरा उतरला होता. सासूबाई शेजारी बसून वाटीतला भात गरम पाण्यात कुस्करत होत्या. पदराखालून नेत होत्या तो हाच भात. चूल थंडगार, राखही जुनी. कोपऱ्यात रेशनच्या तांदळाची पिशवी होती, तोंड बांधलेली. अंगणात खुंटा होता. त्याला दोर नव्हता, भोवती लेंडी नव्हती, पाल्याची काडी नव्हती. खुंट्याच्या बुडाशी गवत उगवलं होतं.

एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि तरी माझं तोंड थांबलं नाही. मी विचारलं, "मामा, बकरी कुठे आहे?"

सासूबाईंचा हात वाटीत थांबला.

मामा खुंट्याकडे बघत म्हणाले, "चरायले गेली."

मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि गोधडी डोक्यावर ओढून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "तू घरी जाय, साधना." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, २७ जानेवारी

वीरेंद्रांना फोन केला. विचारलं, फकिरामामांची बकरी कधी गेली?

"काकी, त्याची घरवाली, बिमार होती तवाच इकली ना. लई दिवस झाले. काहून?"

"मंग पेज कोण पीत होतं?"

"तुले माहीत नव्हतं काय? मले वाटलं आईनं सांगतलं असन. हाताले लकवा आला तवापासून चूल पेटवता येत नाही त्याले. कोणी ताट दिलं तर घेत नाही. जिंदगीभर स्वतःच्या वावरातलं खाल्लेला माणूस. मंग आईच म्हणाली, भाऊ, पेज वाया जाते, बकरीले ने. त्याले बी माहीत, आईले बी माहीत. सारी गल्ली बकरीची खबर पुसते त्याले."

सारी गल्ली. आणि मी हळदीकुंकवात, साऱ्या गल्लीसमोर, मोर हातात घेऊन म्हणाले की बकरी उपाशी मरते काय. हे वाक्य सकाळपासून माझ्या कानात आहे. इंडक्शनवर दूध उतू गेलं, तेही मला दिसलं नाही.

लाज वाटते म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे, हे मला आज समजलं. तोंड लपवायला माझ्याच घरात जागा सापडेना. सासूबाईंनी मला का सांगितलं नाही, असा राग आधी आला. मग कळलं, सांगितलं असतं तर मी बकरीच्या चार गोष्टी तिखटमीठ लावून आणखी कुणाला सांगितल्या असत्या.

गुरुवार, २९ जानेवारी

मामांचा ताप उतरला. आजारी होते तोवर सासूबाई आणि दुर्गाबाईंच्या हातचं पोटात गेलं, पण आता ते उठून बसले आणि दोघींनाही हात जोडून नको म्हणाले. मी डब्यात वरण, भात, वांग्याची भाजी भरून अपेक्षाच्या हाती पाठवली. थोड्या वेळाने मामा स्वतः काठी टेकत डबा परत घेऊन आले. भरलेलाच.

"चुकून आमच्याकडं आला वाटते," म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, तुमच्याचसाठी होता."

"माहा सैपाक झाला सूनबाई." माझ्याकडे बघितलं नाही. ओट्यावर डबा ठेवला आणि गेले. त्यांच्या छपरातून कित्येक दिवसांत धूर निघालेला कुणी पाहिलेला नाही.

सासूबाईंच्या पाया पडले. चुकलं म्हटलं. त्यांनी उठवलं, पण तोंड गोड केलं नाही. म्हणाल्या, "तुले दिसलं त्याचं काही नाही वं. तुले दिसलं, हे त्याले दिसलं. आता तो कोण्या तोंडानं डोलची आणन?"

"मंग काय करू मी?"

"पहिले पेज निघू दे या घरात."

सोमवार, २ फेब्रुवारी

भंगारवाल्याला गाठला. तो गंज त्याने केव्हाच चेपून बालाघाटबाहेर धाडला. सासूबाईंना सांगितलं. "जाऊ दे, जुना झालता," म्हणाल्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यांनी घेऊन दिला होता, हे दुर्गाबाईंकडून कळलं. त्याची भरपाई नाही. ती लाज माझ्याजवळ राहणार आहे.

मग सासूबाईंना घेऊन बाजारात गेले. मोर पर्समध्ये होता. दुकानदाराने इंडक्शनची भांडी म्हणून कुकर काढले, नॉनस्टिक तवे काढले. मी म्हटलं, "गंज पाह्यजे. भात वेळायचा आहे."

"बहनजी, इंडक्शन पर पसाने वाला चावल? बिजली ज्यादा खाएगा. कुकर लो."

"हौ, खाऊ दे," मी म्हणाले. महिनाभरापूर्वी मीच त्याच्या बाजूने बोलले असते.

एकेक भांडं बघितलं. एकाला मोर बसला, पण बूड इतकं पातळ की भात लागणार. एकाचं बूड जाड, पण भरल्यावर सासूबाईंना उचलणार नाही. एकाला काठच नव्हता, झाकणी धरायची कुठे? शेवटी एक मध्यम गंज मिळाला, सपाट बुडाचा, रुंद काठाचा. मोर घट्ट बसला. सासूबाई म्हणाल्या, "तुहं झालं? आता मले पाहू दे." दोन्ही हातांनी गंज उचलला, झाकणी दाबली आणि भर दुकानात तो रिकामा गंज हळूहळू कलता केला, जणू पेज निथळते आहे. दुकानदार बघत राहिला. "हा चालते," त्या म्हणाल्या.

तांदूळ भिजवून टाकला, झाकण ठेवलं, उकळी आल्यावर शेगडी बारीक केली. वीज थोडी जास्त लागली, फार नाही. पेज दाट निघाली. भांडंभर पेज समोर ठेवून आम्ही दोघी बसलो. ती घ्यायला कुणी आलं नाही. शेवटी तुळशीच्या बाजूच्या जास्वंदीला घातली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आमगावहून माझा भाऊ टिकाराम आज बकरी घेऊन आला. मीच फोन केला होता. पिकअपमधून उतरताना तिने त्याचा गमछा अर्धा चावून टाकला होता. त्याला फक्त एवढंच सांगितलं की बटईवर द्यायची आहे. बटई म्हणजे बकरी आपली, पाळायची दुसऱ्याने, पिल्लं निम्मी निम्मी. त्यात कुणावर उपकार नसतो.

दोर धरून मी एकटीच फकिरामामांच्या दाराशी गेले. मामा ओट्यावर उन्हात बसले होते.

"मामा, भावानं बकरी धाडली. मले सांभाळता येत नाही. बटईनं ठेवता काय?"

"दुसरं पाह्य कोणी. माह्यानं होत नाही आता."

"गल्लीत दुसऱ्या कोणाले बकरीचं समजत नाही."

त्यांनी नकाराची मान हलवली. पण बकरीने त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला, आणि त्यांचा हात आपोआप तिच्या जबड्याकडे गेला. दात पाहिले. पोटाखालून हात फिरवला. थरथर होती, तरी हात बरोबर जागी जात होता.

"गाभण आहे."

"भाऊ बी तेच म्हणते."

"खायले काय देत होता तो?"

मी बकरीच्या शिंगांकडे बघत सांगितलं, "पाला. अन् सकाळी पेज. पेजेबिगर राहत नाही म्हणे."

बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. मला वर बघायचा धीर झाला नाही.

"पेज तर तुमच्याकडं बंद झालती."

"नवा गंज आणला, मामा. आई पेज काढते आता."

"गरम पेते काय हे?"

"हौ. गरमच लागते तिले. शितं असली त बेस."

मग त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला. "पहिली मादी झाली त माही," म्हणाले. मी लगेच कबूल झाले, तर रागावले. "असा सौदा करतात काय? घासाघीस कर थोडी." मग आम्ही थोडी घासाघीस केली. खुंट्याभोवतीचं गवत बकरीनेच खाऊन साफ केलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी कडीचा आवाज आला. सासूबाईंनी मला खुणेने पुढे केलं. "आज तू दे," म्हणाल्या.

मी पेज ओतली, पळीऐवजी दोन पळ्या शितं घातली. मीठ घातलं, पण डोकं थाऱ्यावर नव्हतं, म्हणून पुन्हा घातलं. झाकण लावून डोलची दिली. मामांनी भिंतीकडे बघत ती घेतली. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. आमच्यात हे असंच राहणार, मला माहीत आहे. जे मी पाहिलं ते आता न पाहिलेलं होणार नाही. समोरच्या ओट्यावरून दुर्गाबाईंनी विचारलं, "काय भाऊ, बकरी कशी आहे?"

"बेस आहे," मामा म्हणाले.

दुर्गाबाईंनी माझ्याकडेही पाहिलं. हसल्या नाहीत, पण तोंडही वळवलं नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज मामा जरा लवकर आले. मी डोलचीत पेज ओतत होते.

"सूनबाई," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "काल बकरीले मीठ जास्त झालतं."

"हौ मामा," मी म्हटलं, आणि आज एकच चिमूट टाकली.